जुन्या मालमोटारीचा मागील ॲक्सल : पुनर्बांधणी की बदल? (निर्णयप्रक्रियेचे विवेचन)

सारांश

जुन्या मालमोटारीचा मागील ॲक्सल निकामी होऊ लागला की तो दुरुस्त करावा की संपूर्ण बदलावा, हा प्रश्न वाहनमालकासमोर उभा राहतो. व्यवहारात हा निर्णय बहुधा सुट्या भागांच्या किमतींची तुलना करून घेतला जातो. प्रस्तुत लेखात या निर्णयाचे यांत्रिक, आर्थिक आणि कायदेशीर अशा तीन अंगांनी विवेचन केले आहे. ॲक्सलमधील झिजणारे भाग आणि आकार धरून ठेवणारे भाग यांत भेद करणे हा निर्णयाचा पाया आहे. किंमत हा त्यानंतरचा निकष ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मागील ॲक्सल, हाउसिंग, क्राउन-पिनियन, धातूचा थकवा, अतिभार, प्रतिकिलोमीटर खर्च, योग्यता प्रमाणपत्र.

१. प्रस्तावना

भारतातील रस्ता-मालवाहतुकीचा मोठा भाग एक किंवा दोन ट्रक असणाऱ्या लहान मालकांच्या हाती आहे. अशा मालकाच्या दृष्टीने ट्रक हे केवळ वाहन नसून कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन असते. टेल्को कंपनीने डायम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. तेव्हापासून साध्या, भक्कम आणि रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येही दुरुस्त होऊ शकणाऱ्या ट्रकची परंपरा देशात रुजली. एकच ट्रक पंधरा-वीस वर्षे वापरणे आणि त्याचे इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल पुन:पुन्हा बांधून घेणे हे या परंपरेतूनच आले आहे.

तथापि पुनर्बांधणी ही सवय बनली की तिचा विचार मागे पडतो. इंजिन बिघडले तर ट्रक थांबतो. मागील ॲक्सल बिघडला तर भरलेला ट्रक घाटात अडकू शकतो, त्याचे ब्रेक दुबळे होऊ शकतात, प्रसंगी चाक हबसह बाहेर येऊ शकते. यामुळे या निर्णयात मालकाच्या पैशाबरोबर चालकाचा आणि रस्त्यावरील इतरांचा जीवही गुंतलेला असतो. अनेक महाविद्यालयांच्या बसगाड्या अशाच प्रकारच्या सांगाड्यावर बांधलेल्या असल्याने शैक्षणिक संस्थांनाही हा प्रश्न परका नाही.

२. उद्दिष्टे

१) मागील ॲक्सलची रचना व त्यावरील ताण समजावून घेणे.
२) बिघाडाचे निदान आणि तपासणी यांची क्रमवार पद्धत मांडणे.
३) पुनर्बांधणी, वापरलेला ॲक्सल आणि नवा ॲक्सल या पर्यायांची तुलना करणे.
४) निर्णयासाठी एक सुसंगत क्रम सुचवणे.

३. मागील ॲक्सलची रचना व कार्य

दोन ॲक्सलच्या ट्रकमध्ये मागील ॲक्सल तीन कामे करतो. तो मालाचा बहुतांश भार पेलतो, प्रोपेलर शाफ्टकडून आलेली शक्ती काटकोनात वळवून चाकांना देतो आणि ब्रेक लावताना निर्माण होणारा उलटा पीळ पाट्यांमार्फत चॅसीपर्यंत पोहोचवतो.

या तिन्ही कामांचा आधार म्हणजे हाउसिंग, अर्थात ॲक्सलचे पोकळ कवच. त्याच्या मध्यभागी असलेल्या गोल पोकळीत डिफरन्शियलचा संच बसतो. त्यात पिनियन, क्राउन, चार लहान स्पायडर गिअर आणि दोन बाजूंचे गिअर असतात. तेथून दोन्ही बाजूंना ॲक्सल शाफ्ट चाकांकडे जातात. हाउसिंगच्या टोकांना असलेल्या नळीसारख्या भागावर, म्हणजे स्पिंडलवर, शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगच्या साहाय्याने हब फिरतो.

जड वाहनांत सामान्यतः फुल-फ्लोटिंग प्रकारचा ॲक्सल असतो. या रचनेत गाडीचे वजन शाफ्टवर येत नाही. ते हब, बेअरिंग आणि स्पिंडल यांच्यामार्फत हाउसिंगवर येते; शाफ्ट केवळ फिरवण्याचे काम करतो. परिणामी शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, आणि जॅक न लावताही तुटलेला शाफ्ट बाहेर काढता येतो. याउलट स्पिंडल किंवा हबचे बेअरिंग निकामी झाले तर चाकाला आधार उरत नाही. शाफ्ट तुटणे हा आवाज करणारा, गाडी थांबवणारा, पण तुलनेने निरुपद्रवी बिघाड आहे. स्पिंडलची झीज मात्र मुकाट्याने वाढते आणि अधिक घातक ठरते. निर्णय घेताना हा फरक विसरला जातो.

ॲक्सलवर येणाऱ्या बलाची कल्पना एका गृहीत उदाहरणावरून येईल. इंजिनचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ७ आणि क्राउनला ४१ व पिनियनला ६ दात आहेत असे मानू. ॲक्सलचे गुणोत्तर ६.८३ येते. घर्षणातील तूट सोडली तर पिनियनवर २,८०० आणि दोन्ही चाकांवर मिळून सुमारे १९,१०० न्यूटन-मीटर टॉर्क पोहोचतो. भरलेला ट्रक खंबाटकी किंवा कसारा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना हे बल पिनियनच्या मोजक्या दातांवर एकवटलेले असते.

अनेक ट्रकमध्ये क्राउन-पिनियनची जोडी हायपॉइड पद्धतीची असते. यात पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापासून बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे पिनियन जाड व मजबूत करता येतो, पण दात एकमेकांवर लोळण्याबरोबरच घासतातही. या घर्षणासाठी अतिदाब सहन करणारे ईपी प्रकारचे, बहुधा जीएल-५ दर्जाचे तेल आवश्यक असते. साधे तेल वापरल्यास अथवा तेलाची पातळी घटल्यास नवी जोडीही लवकर खराब होते.

४. धातूचा थकवा आणि अतिभाराचा परिणाम

वरवर शाबूत दिसणारा ॲक्सल अचानक का तुटतो, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास रेल्वेच्या ॲक्सलपासूनच सुरू झाला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर जर्मनीत ऑगस्ट व्होलर (१८१९–१९१४) यांनी रेल्वेच्या ॲक्सलवर दीर्घ प्रयोग केले. एका खेपेत सहज पेलता येणारा भार लाखो वेळा उलटसुलट आल्यास धातू तुटू शकतो, हे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

थकव्याची तीन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक, त्याची सुरुवात सूक्ष्म भेगेपासून होते आणि ती भेग बहुधा वेल्डिंग, खाच, गंजलेला खड्डा किंवा जाडी एकदम बदलणारी जागा येथे जन्म घेते. दोन, हे नुकसान साठत जाते. विश्रांतीने ते भरून येत नाही. तीन, भार थोडा वाढला तरी आयुष्य बरेच घटते.

तिसरा मुद्दा बेअरिंगच्या गणिताने स्पष्ट होतो. रोलर बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य भाराच्या १०/३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. भार २० टक्क्यांनी वाढल्यास आयुष्य मूळच्या सुमारे ५४ टक्के, २५ टक्क्यांनी वाढल्यास ४८ टक्के आणि दीडपट झाल्यास केवळ २६ टक्के उरते. चार टायरच्या एकेरी ॲक्सलसाठी कमाल सुरक्षित भार पूर्वी १०.२ टन होता; केंद्र शासनाच्या जुलै २०१८ च्या अधिसूचनेने तो ११.५ टन केला. तेच बेअरिंग १०.२ ऐवजी ११.५ टनांखाली चालवल्यास वरील सूत्रानुसार त्याचे आयुष्य सुमारे दोन-तृतीयांशावर येते. अधिसूचनेने मर्यादा वाढते, जुन्या धातूची ताकद वाढत नाही. जुन्या ट्रकच्या बाबतीत उत्पादकाने दिलेली क्षमता आणि नोंदणी प्रमाणपत्रातील वजन हेच प्रमाण मानले पाहिजे.

म्हणून ॲक्सलचे वय केवळ किलोमीटरमध्ये मोजणे अपुरे ठरते. सपाट महामार्गावर हलका माल वाहणारा ट्रक आणि गळीत हंगामात शेतातून ऊस ओढणारा ट्रक यांचे किलोमीटर सारखे असले तरी ॲक्सलचा इतिहास सारखा नसतो. चिखलात एक चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि दुसरे स्थिर राहते, तेव्हा स्पायडर गिअर फार वेगाने फिरतात. त्यांच्या पिनांपर्यंत पुरेसे तेल न पोहोचल्यास ते तेथेच जाम होऊ शकतात.

५. उघडण्यापूर्वीचे निदान

ॲक्सल उतरवण्यापूर्वी मिळणारी माहिती अनेकदा उतरवल्यानंतरच्या माहितीपेक्षा अधिक उपयोगी असते, कारण ती चालत्या ट्रकची असते. अनुभवी मिस्त्री आवाजावरून बराच अंदाज बांधतात आणि त्याला यांत्रिक आधार आहे.

ॲक्सिलरेटर दाबून ओढ असताना येणारा बारीक सुराचा आवाज क्राउन-पिनियनच्या दातांची ओढीची बाजू झिजल्याचे सुचवतो. पाय काढल्यावर येणारा आवाज दातांच्या विरुद्ध बाजूकडे किंवा पिनियनच्या सैल बेअरिंगकडे निर्देश करतो. केवळ वळणावर येणारा आवाज स्पायडर गिअर व त्यांच्या वायसरशी संबंधित असतो. ओढीशी संबंध नसलेली, पण वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा हबच्या बेअरिंगची असते. गाडी उचलताना येणारा ठोका मात्र फसवा असतो. तो डिफरन्शियलमधून येऊ शकतो, तसाच प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसमधून अथवा सैल यू-बोल्टमधूनही येऊ शकतो. क्रॉस व यू-बोल्ट यांची तपासणी न करता ॲक्सल उघडणे म्हणजे अकारण खर्च ओढवून घेणे होय.

तेलाची तपासणी स्वस्त आणि बोलकी असते. चुंबकीय प्लगवर चिकटलेली मऊ राखाडी पूड सामान्य झिजेची असते. चकत्या, कपच्या किंवा दाताचा तुकडा आढळल्यास ट्रक पुढे चालवू नये. दुधाळ रंगाचे तेल पाणी शिरल्याचे दाखवते.

हबच्या सीलमधून तेल गळून लायनर भिजणे ही नेहमीची तक्रार आहे. सील बदलूनही गळती परत येत असेल तर तीन कारणे संभवतात : हाउसिंगवरील हवा सोडणारा ब्रीदर मातीने बुजलेला असणे, बेअरिंग सैल असणे, किंवा स्पिंडल झिजलेला वा वाकलेला असणे. पहिल्या कारणात ब्रीदर साफ करण्यापलीकडे खर्च नाही. तिसऱ्यात संपूर्ण ॲक्सल बदलण्याची वेळ येऊ शकते. लक्षण एकच असूनही निर्णय टोकाचे वेगळे होतात. सील बदलण्यापूर्वी कारण शोधण्याचे महत्त्व यात आहे.

६. उघडल्यानंतरची तपासणी

या टप्प्यावर ॲक्सलच्या भागांचे दोन गट करणे आवश्यक आहे.

पहिला गट झिजणाऱ्या भागांचा. बेअरिंग, सील, वायसर, स्पायडर गिअर, क्राउन-पिनियन, शाफ्ट, लायनर आणि ड्रम हे भाग बदलण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांची दुरवस्था कितीही मोठी दिसली तरी तेवढ्यावरून ॲक्सल टाकाऊ ठरत नाही.

दुसरा गट आकार धरून ठेवणाऱ्या भागांचा. हाउसिंग, स्पिंडल आणि डिफरन्शियलचे बीड या गटात येतात. पहिल्या गटातील प्रत्येक भाग योग्य जागी व योग्य कोनात बसतो तो यांच्यामुळे. हे भाग बिघडलेले असतील तर नवे क्राउन-पिनियनही चुकीच्या जागी बसते आणि थोड्याच काळात पुन्हा तेच चित्र दिसते.

हाउसिंगची तपासणी पूर्ण धुऊन, रंग व ग्रीस काढूनच करावी. मधल्या गोल भागाचे सांधे, पाट्यांची बैठक, ब्रेकच्या पट्ट्याचे वेल्डिंग आणि स्पिंडलचा मूळ खांदा या ठिकाणी भेगा प्रथम येतात. रंगीत भेदक द्रव अथवा चुंबकीय कण यांची चाचणी मोठ्या कार्यशाळांत व काही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत होऊ शकते. रॉकेल लावून पुसणे, वर खडूचा थर देणे आणि भेगेतून रॉकेल परत झिरपते का हे पाहणे ही जुनी पद्धत आजही ढोबळ तपासणीस उपयोगी पडते. परंतु तिने भेग दिसली नाही म्हणजे भेग नाहीच असे मानू नये.

हाउसिंग वाकल्याची चिन्हे ट्रकवरच दिसू लागतात. मागील टायरची एकच कड झिजणे, एकाच बाजूचा शाफ्ट पुन:पुन्हा तुटणे आणि एकाच बाजूचे सील वारंवार जाणे ही त्यांपैकी प्रमुख होत. तुटलेल्या शाफ्टचा चेहराही माहिती देतो. गुळगुळीत भागावर कमानीसारख्या रेषा आणि उरलेला भाग खडबडीत असेल तर तो थकव्याने तुटला आहे. खाचा पिळवटलेल्या असतील तर एकाच वेळी अतिरिक्त पीळ आल्याचे ते लक्षण होय. पहिल्या प्रकारात नवा शाफ्ट घालून प्रश्न सुटत नाही; शाफ्ट वारंवार वाकवणारे कारण तसेच राहते.

स्पिंडलवर बेअरिंगची आतील कडी बसण्याच्या जागेचे मोजमाप मायक्रोमीटरने करून उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावे. तेथे निळसर रंग, चर किंवा कडी फिरल्याच्या खुणा असतील तर ती जागा तापलेली व झिजलेली आहे. बीडातील बेअरिंगच्या बाहेरील कडीची जागाही याच पद्धतीने तपासावी.

येथे एका प्रचलित प्रथेचा उल्लेख अपरिहार्य आहे. झिजलेल्या स्पिंडलवर वेल्डिंगने धातू चढवून लेथवर उतरवणे किंवा वाकलेले हाउसिंग तापवून सरळ करणे ही कामे अनेक ठिकाणी कौशल्याने केली जातात. काम देखणे होते, मापही जुळते. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या धातूची रचना बदलते, त्यात अंतर्गत ताण राहतात आणि नेमक्या सर्वाधिक ताणाच्या जागी थकव्याच्या भेगेला आरंभबिंदू मिळतो. कारागिराच्या हाताचा हा दोष नव्हे, धातूच्या स्वभावाची ही मर्यादा आहे. म्हणून भार पेलणाऱ्या स्पिंडल वा हाउसिंगसाठी अशी दुरुस्ती पुनर्बांधणी म्हणून स्वीकारता येत नाही.

७. उपलब्ध पर्याय

(अ) पुनर्बांधणी : हाउसिंग, स्पिंडल व बीड निर्दोष असल्यास हा पर्याय उत्तम ठरतो. मात्र त्याचे यश जोडणीच्या अचूकतेवर अवलंबून असते. क्राउन व पिनियन कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असतात. म्हणून ते जोडीनेच बदलावेत. पिनियनच्या बेअरिंगवरील पूर्वताण स्प्रिंगच्या काट्याने किंवा टॉर्क-पान्याने मोजावा, दातांतील मोकळीक डायल गेजने पाहावी आणि दातांवर रंग लावून त्यांचा स्पर्श कोठे उमटतो हे तपासावे. ठसा दाताच्या टोकाला किंवा कडेला सरकला असेल तर शिम बदलून तो पुस्तिकेप्रमाणे आणावा. ही तीन मोजमापे न करता केवळ हाताच्या अंदाजाने बांधलेला ॲक्सल नवे भाग असूनही जुन्यासारखाच वागतो. गॅरेज निवडताना दरापेक्षा तेथे डायल गेज आहे का आणि ते वापरले जाते का, हे विचारणे अधिक योग्य.

(आ) वापरलेला संपूर्ण ॲक्सल : मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी यांसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत किंवा भंगारात निघालेल्या ट्रकमधून तो मिळतो. किंमत कमी व काम लवकर हे त्याचे गुण. त्याचा इतिहास अज्ञात असणे हा मोठा दोष. एका अज्ञात थकव्याच्या जागी दुसरा अज्ञात थकवा बसवला जातो, म्हणून त्याचीही सहाव्या भागातील सर्व तपासणी व्हावी.

शिवाय तो जुळला पाहिजे. पाट्यांच्या बैठकीतील अंतर, ड्रमची रुंदी व व्यास, चाकाच्या बोल्टची मांडणी, पिनियनची फ्लँज आणि मुख्य म्हणजे गुणोत्तर तपासावे. गुणोत्तर ओळखण्यासाठी एक चाक स्थिर धरून दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे आणि पिनियनची फ्लँज किती फेरे घेते ते मोजावे; तो आकडा म्हणजेच गुणोत्तर. ४१ व ६ दातांच्या जागी ४१ व ७ दातांचा ॲक्सल आला तर गुणोत्तर ६.८३ वरून ५.८६ होते. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरल्यास थेट गिअरमध्ये इंजिनच्या मिनिटाला २,००० फेऱ्यांना वेग सुमारे ५५ वरून ६४ किलोमीटरवर जातो, परंतु चाकावरील ओढ सुमारे १४ टक्क्यांनी घटते. सपाट रस्त्यावर हा लाभ वाटेल. घाटमार्गावर तोच क्लच व इंजिनवरील भार ठरतो.

(इ) नवा किंवा पुनर्निर्मित ॲक्सल : उत्पादकाकडून अथवा अधिकृत विक्रेत्याकडून मिळणारा हा संच महाग, पण इतिहासविरहित आणि हमीसह असतो. देशात ॲक्सलनिर्मितीचा उद्योग विकसित आहे. म्हैसूर येथील १९८१ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स ही त्यातील एक परिचित कंपनी. मधला मार्ग म्हणून केवळ नवे हाउसिंग घेऊन त्यात जुना सुस्थितीतील डिफरन्शियल संच बसवणेही काही वेळा शक्य असते.

८. खर्चाची मांडणी

वाणिज्यशास्त्रातील प्रतिस्थापनाच्या विचारानुसार तुलना किमतीची नव्हे, तर उपयोगाच्या प्रत्येक एककामागील खर्चाची व्हावी. येथे ते एकक किलोमीटर होय.

प्रतिकिलोमीटर खर्च = (भाग व मजुरी + ट्रक अडून राहिल्याचे नुकसान – जुन्या ॲक्सलची भंगार किंमत) ÷ उपयोगी किलोमीटर

यातील भाजक म्हणजे ॲक्सलचे अपेक्षित आयुष्य आणि ट्रकचे उरलेले आयुष्य यांपैकी जे कमी असेल ते. ट्रक पंचवीस हजार किलोमीटरनंतर भंगारात जाणार असेल तर तीन लाख किलोमीटर टिकणाऱ्या ॲक्सलचा उरलेला टिकाऊपणा मालकाला मिळतच नाही.

केवळ पद्धत समजावी म्हणून पुढील आकडे गृहीत धरले आहेत. ते बाजारभाव नव्हेत. पुनर्बांधणी : खर्च ९०,००० रुपये, सहा दिवस ट्रक उभा, दररोजचे नुकसान ४,००० रुपये, एकूण १,१४,००० रुपये, अपेक्षित आयुष्य १,५०,००० किलोमीटर. वापरलेला ॲक्सल : ७०,००० रुपये, दोन दिवस, भंगाराचे १५,००० वजा जाता ६३,००० रुपये, आयुष्य ६०,००० किलोमीटर. नवा ॲक्सल : २,४०,००० रुपये, तीन दिवस, भंगार वजा जाता २,३७,००० रुपये, आयुष्य ३,००,००० किलोमीटर.

ट्रक आणखी ६०,००० किलोमीटरच चालवायचा असेल तर प्रतिकिलोमीटर खर्च पुनर्बांधणीसाठी १.९०, वापरलेल्यासाठी १.०५ आणि नव्यासाठी ३.९५ रुपये येतो. १,५०,००० किलोमीटर चालवायचा असेल तर पुनर्बांधणी ०.७६, नवा १.५८ रुपये, वापरलेला १.०५ रुपयांवरच राहतो, पण तो मध्ये किमान दोनदा बदलावा लागतो. ३,००,००० किलोमीटरसाठी दोनदा केलेली पुनर्बांधणी ०.७६ आणि नवा ०.७९ रुपये, म्हणजे जवळजवळ समान. तेव्हा एकदाच काम होणे आणि वाटेत बिघाडाचा धोका कमी असणे या गोष्टी नव्याच्या बाजूने पारडे झुकवतात.

या उदाहरणातून दोन बाबी लक्षात येतात. सर्वांत स्वस्त पर्याय कोणता, याचे उत्तर ॲक्सलपेक्षा ट्रकच्या उरलेल्या आयुष्यावर अधिक अवलंबून आहे. दुसरी बाब म्हणजे ट्रक उभा राहिल्याचे नुकसान वगळले तर पुनर्बांधणी आहे त्याहून स्वस्त भासते. हप्ते सुरू असलेल्या मालकासाठी किंवा हंगामाच्या ऐन भरात ही रक्कम निर्णायक ठरू शकते.

९. कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच प्रकारचा व क्षमतेचा ॲक्सल बसवणे ही दुरुस्ती होय. अधिक क्षमतेचा ॲक्सल बसवला म्हणून ट्रकला अधिक माल वाहण्याचा अधिकार मिळत नाही.

मालवाहू वाहनाला कलम ५६ अन्वये योग्यता प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास ते दोन वर्षांसाठी आणि त्यापुढे एकेका वर्षासाठी नूतनीकृत होते. जुन्या ट्रकच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधताना येत्या योग्यता तपासणीत इंजिन, चॅसी, केबिन आणि ब्रेक टिकतील का, हेही पाहावे लागते. वाहन भंगारात काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. वापरलेला ॲक्सल शक्यतो अशा केंद्राकडून किंवा किमान रीतसर पावती घेऊन खरेदी केल्यास चोरीच्या मालाचा संशय टळतो.

१०. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचवता येतो.

१) ॲक्सलबाहेरील कारणे, म्हणजे क्रॉस, यू-बोल्ट, ब्रीदर व तेलाची पातळी, प्रथम तपासावीत.
२) हाउसिंग, स्पिंडल व बीड यांची तपासणी व मोजमाप करावे. हाउसिंगमध्ये भेग, वाक किंवा स्पिंडलवर मर्यादेबाहेरची झीज असल्यास तो भाग बाद समजावा. ही अट खर्चाच्या हिशेबात धरू नये.
३) बिघाडाचे मूळ कारण (अतिभार, चुकीचे तेल, सदोष जोडणी) निश्चित करावे. कारण दूर होणार नसेल तर कोणताही पर्याय टिकणार नाही.
४) ट्रकच्या इतर भागांची अवस्था व योग्यता तपासणी लक्षात घेऊन उरलेले किलोमीटर ठरवावेत.
५) त्या आकड्यावर सर्व पर्यायांचा प्रतिकिलोमीटर खर्च काढावा.
६) पर्यायांतील फरक किरकोळ असेल तर कमी वेळा उघडावा लागणारा आणि ज्याचा इतिहास ज्ञात आहे असा पर्याय निवडावा.

११. निष्कर्ष

१) मागील ॲक्सलच्या बाबतीत पुनर्बांधणी की बदल, हा प्रश्न प्रथम यांत्रिक आणि नंतर आर्थिक आहे. क्रम उलटा झाल्यास स्वस्त दिसणारा निर्णय धोकादायक ठरतो.
२) झिजणाऱ्या भागांची दुरवस्था पुनर्बांधणीच्या आड येत नाही, आकार धरून ठेवणाऱ्या भागांतील दोष मात्र तिला निरर्थक करतो.
३) अतिभाराने आयुष्य भाराच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक घटते. म्हणून एका खेपेतील जादा भाड्याचा हिशेब मांडताना ॲक्सलच्या कमी झालेल्या आयुष्याची किंमतही धरली पाहिजे.
४) हाउसिंग निर्दोष आणि ट्रकचे उरलेले आयुष्य मध्यम असल्यास मोजमापासह केलेली पुनर्बांधणी सामान्यतः श्रेयस्कर ठरते. ट्रक थोडाच काळ वापरायचा असल्यास तपासून घेतलेला वापरलेला ॲक्सल, तर दीर्घ काळ वापरायचा असल्यास नवा ॲक्सल विचारात घ्यावा.
५) लहान वाहनमालकांना भेगतपासणी व मोजमाप यांची सोय माफक दरात मिळणे आवश्यक आहे. अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्याकडील साधने विस्तारकार्याच्या माध्यमातून या कामी आल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभव मिळेल, मिस्त्रीच्या अनुभवाला मोजमापाची जोड मिळेल आणि रस्त्यावरील सुरक्षिततेलाही हातभार लागेल.